नियमपत्रकातील क्रियापदे : विद्यापीठीय ग्रंथालयांचे धोरण आणि विद्यार्थ्याची माहिती-साक्षरता

विद्यापीठीय ग्रंथालयाचे नियमपत्रक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणास वाटत नाही. ते भिंतीवर लावलेले असते, अर्जाच्या पाठीमागे छापलेले असते, आणि बहुधा न वाचताच त्याखाली सही केली जाते. तथापि कोणत्याही संस्थेचे खरे धोरण तिच्या समारंभातील भाषणांपेक्षा तिच्या नियमांच्या भाषेत अधिक स्पष्ट उमटलेले असते. या दृष्टीने अशा एखाद्या पत्रकातील वाक्यांचे कर्ते आणि क्रियापदे वेगळी काढून पाहिली, तर जे दिसते ते विचार करावयास लावणारे आहे. विद्यार्थी तेथे ‘सभासद’ म्हणून येतो. त्याने ओळखपत्र दाखवावयाचे असते, पिशवी बाहेर ठेवावयाची असते, पुस्तक मुदतीत परत करावयाचे असते, विलंब झाल्यास दंड भरावयाचा असतो आणि अखेरीस नो ड्यूजचा दाखला मिळवावयाचा असतो. ग्रंथालयाच्या बाजूची क्रियापदे बहुतेक कर्मणी आहेत : पुस्तक दिले जाईल, दंड आकारला जाईल, सभासदत्व रद्द करण्यात येईल. ‘शोधणे’, ‘पडताळणे’, ‘विचारणे’ आणि ‘शिकवणे’ ही क्रियापदे मात्र या पत्रकांत क्वचितच भेटतात.

हे नियम अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाने घेतलेला ग्रंथ सांभाळावाच लागतो. परंतु जेथे ग्रंथाचा सांभाळ नियमाने होतो आणि वाचकाचे शिक्षण केवळ एखाद्या ग्रंथपालाच्या चांगुलपणावर सोपवलेले असते, तेथे संस्थेने कशाला महत्त्व दिले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे नवे नाव दिले आणि त्याच्या प्रमुखास संचालक केले. पुण्याचे जयकर ग्रंथालय आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणून ओळखले जाते. नाव भारदस्त झाले. क्रियापदे बदलली नाहीत.

वस्तुतः या देशातील ग्रंथालयशास्त्राचा आरंभ याच्या उलट भूमिकेतून झाला होता. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. ते १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांची सुप्रसिद्ध पंचसूत्री ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथ उपयोगासाठी असतात हे पहिले सूत्र आणि वाचकाचा वेळ वाचवावा हे चौथे सूत्र आज ग्रंथालयांच्या भिंतींवर वचनांसारखी लावलेली दिसतात. त्यांच्या १९४० च्या संदर्भसेवेवरील ग्रंथाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. संदर्भसेवेचे प्रकार पाडताना त्यांनी नवागत विद्यार्थ्याची ‘दीक्षा’ हा एक स्वतंत्र प्रकार मानला आहे. दीक्षा हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. ज्याला इमारत दाखवली तो पाहुणा. ज्याला दीक्षा दिली तो त्या घरचा. वर्गीकरणाचे अंक कसे बनतात, सूचीतील नोंद अशीच का लिहिली आहे, एका शीर्षकावरून दुसऱ्याकडे कसे जावयाचे, हे जाणण्याचा अधिकार वाचकाला आहे असे त्यामागे गृहीत आहे. सूची हे ग्रंथपालाचे खाजगी टिपण नाही, ती वाचकाशी बोलण्याची भाषा आहे, आणि भाषा म्हटली की ती दोन्ही पक्षांस यावी लागते.

आज या दीक्षेचे काय उरले आहे? वर्षारंभी एक दिवस नव्या विद्यार्थ्यांचा जथा ग्रंथालयातून फिरवून आणला जातो. हा नियतकालिकांचा कक्ष, हा संगणक कक्ष, येथे बोलू नये, तेथे जेवू नये. तासाभरात हा सोहळा संपतो आणि अहवालात त्याची नोंद ‘उद्बोधन कार्यक्रम’ अशी होते. ज्या दिवशी विद्यार्थ्यासमोर कोणताच प्रश्न नसतो, त्या दिवशी त्याला सर्व उत्तरांची कपाटे दाखवून टाकावयाची, यातील विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही असे नाही. ती सोयीची आहे, एवढेच.

ग्रंथालयांसंबंधी जे शासकीय विचारमंथन स्वातंत्र्योत्तर काळात झाले, त्यातही पैशाचा हिशेब ठळक राहिला आणि शिक्षणाचा अंश मागे पडला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रंथालयाला विद्यापीठाच्या केंद्रस्थानी मानले आणि अंदाजपत्रकाचा सव्वासहा टक्के वाटा किंवा दर विद्यार्थ्यामागे ४० रुपये असे प्रमाण सुचवले. रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान मंडळाने १९५७ साली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यामागे १५ व अध्यापकामागे २०० रुपये सुचवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे आकडे २५ आणि ३०० असे नेले. या अहवालांतून वाचकांच्या मार्गदर्शनाविषयीही चांगले लिहिलेले आहे. परंतु पुढील पिढ्यांनी उद्धृत केले ते आकडेच, कारण आकडा अंमलात आणता येतो आणि, त्याहूनही महत्त्वाचे, तो अंमलात न आल्याची तक्रार करता येते.

मूल्यांकनाच्या युगात ही प्रवृत्ती अधिक पक्की झाली. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ साली जी सुधारित चौकट आणली, तीत ग्रंथालयाचा विचार चौथ्या निकषात, म्हणजे पायाभूत सुविधांच्या निकषात, होता. ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले आहे काय, इलेक्ट्रॉनिक साधनांची वर्गणी भरली आहे काय, ग्रंथांवर वार्षिक खर्च सरासरी किती, आणि दररोज किती अध्यापक व विद्यार्थी ग्रंथालय वापरतात, असे प्रश्न तेथे होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रवेशद्वारावरील नोंदवहीतून किंवा संगणकाच्या लॉगिनमधून देता येते. आत गेलेला विद्यार्थी जे शोधावयास गेला ते त्याला सापडले की नाही, हा प्रश्न या रचनेत कोठे बसत नव्हता. अध्यापनाचा निकष वेगळा, ग्रंथालयाचा वेगळा. दोहोंच्या मधल्या जागेत विद्यार्थी उभा. जे मोजले जाते तेच केले जाते, हे कार्यालयांचे जुने शास्त्र आहे, आणि ग्रंथालये त्याला अपवाद कशी असतील?

ज्याला हल्ली ‘माहिती-साक्षरता’ म्हणतात ती कल्पना पाश्चात्त्य देशांत याच पोकळीतून वाढली. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी हा शब्दप्रयोग केला तेव्हा त्यांच्यासमोर विद्यार्थ्यापेक्षा व्यवसायात माहिती वापरणारा मनुष्य होता. १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, पारखणे आणि वापरणे अशी तिची चतुःसीमा आखली. २००० साली महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने तिची मानके केली, आणि २०१६ मध्ये ती मानके मागे ठेवून सहा व्यापक संकल्पनांची नवी चौकट स्वीकारली. ग्रंथकर्त्याचा अधिकार हा संदर्भावर अवलंबून असतो, विद्या हा एक चालू संवाद असतो, अशा त्या संकल्पना आहेत. त्या विचारप्रवर्तक आहेत यात शंका नाही. आपल्याकडे मात्र त्यांचे आगमन बहुधा कार्यशाळांच्या भित्तिपत्रकांतून झाले. अशा कार्यशाळांत इंग्रजी माहितीसंग्रहांचा वापर इंग्रजी पडद्यांवर शिकवला जातो, आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मागच्या रांगेत बसून प्रमाणपत्राची वाट पाहतो.

‘साक्षर’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. साक्षर म्हणजे अक्षरासहित. मूळ इंग्रजी शब्दाच्या पोटातही अक्षरच आहे. तेव्हा माहिती-साक्षरतेसंबंधी पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा की, कोणती अक्षरे? हा प्रश्न अमेरिकन चौकटीत उद्भवत नाही, कारण तेथील विद्यार्थ्याची लिपी, सूचीची लिपी आणि ग्रंथाची लिपी बहुधा एकच असते. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत या तीन गोष्टी तीन दिशांना गेलेल्या असू शकतात, आणि ग्रंथालयीन धोरणाची खरी कसोटी तेथे लागते.

मराठी ग्रंथांच्या नोंदी अनेक ग्रंथालयांच्या संगणकीय सूचीत रोमन लिपीत केलेल्या आढळतात. अशा नोंदी दोन प्रकारच्या असतात. काही शास्त्रीय लिप्यंतराच्या पद्धतीने केलेल्या, तर काही नोंदणी करणाऱ्या व्यक्तीच्या कानाला जसे वाटले तशा. पहिला प्रकार निर्दोष वाटतो. पण त्याचीच अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्यावा. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या पद्धतीत ‘ज्ञ’ हे संस्कृत घटनेप्रमाणे ज् आणि ञ् यांचे जोडाक्षर मानून लिहिले जाते, म्हणून शब्द ‘जे-एन’ या अक्षरांनी सुरू होतो. मराठी मनुष्य मात्र ‘ज्ञ’चा उच्चार द्न्य असा करतो आणि रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ लिहितो. विद्यार्थ्याने आपल्या उच्चाराशी प्रामाणिक राहून शोध घेतला, तर मराठीतील या आद्य ग्रंथांपैकी एकाविषयी पडद्यावर उत्तर येते ते शून्य. ‘देशपांडे’ या आडनावाची तीच गत. लेखनात ‘श’मध्ये ‘अ’ आहे, उच्चारात तो लोपतो. शास्त्रीय लिप्यंतर लेखनाला धरून तो ‘अ’ राखते, विद्यार्थी उच्चाराला धरून तो गाळतो. तुकाराम आणि रामदास या नावांच्या शेवटी शास्त्रीय पद्धतीने येणारा ‘ए’ हा मराठी वाचकाला अक्षरशः परका वाटतो. येथे चूक कोणाची? लिप्यंतर करणारा नियमाने बरोबर आहे, आणि विद्यार्थी भाषेने बरोबर आहे. या दोन बरोबर गोष्टींमध्ये जो पूल लागतो तो बांधण्याचे काम कोणाच्याच कर्तव्यसूचीत नाही.

यावर असे उत्तर दिले जाते की, आता सर्व काही युनिकोडात देवनागरीत करता येते. ते खरे आहे. ‘सोल’ आणि ‘कोहा’ या प्रचलित प्रणाली देवनागरी नोंदी स्वीकारतात, म्हणून यंत्राची सबब आता उरलेली नाही. परंतु देवनागरीत नोंद केल्याने प्रश्न सुटत नाही, तो मराठीच्या अंगणात येतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. तत्पूर्वीचे मुद्रण अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेले आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नाव जुन्या पद्धतीने ‘पण लक्षांत कोण घेतो’ असे आहे, नव्या आवृत्त्यांत ‘लक्षात’. डोळ्याला हा एका टिंबाचा फरक वाटतो, यंत्राला ते दोन शब्द आहेत. मग शोधताना अनुस्वार सरसकट गाळावा, असे कोणी सुचवील. तसे केल्यास जुन्या लेखनातील ‘घरांत’, म्हणजे एका घरात, आणि आजच्या लेखनातील ‘घरांत’, म्हणजे अनेक घरांत, असा भेद असलेल्या भाषेत नवा घोटाळा होतो. ‘वाऱ्यावरची वरात’ या नावातील अर्धा रफार युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात; ‘ॲ’ या अक्षराला २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले, तोवर ते ‘अ’वर चंद्र देऊन साधले जाई आणि अजूनही अनेक कळफलकांवर तसेच साधले जाते. दिसायला एक आणि यंत्राला दोन, अशी ही अक्षरे आहेत. ज्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितलेले नाही, तो ‘पुस्तक ग्रंथालयात नाही’ असे समजून परत फिरतो. पुस्तक कपाटातच असते.

नावांचा प्रश्न याहून जुना आहे आणि त्याला यंत्र जबाबदार नाही. १८७६ साली चार्ल्स कटर यांनी सूचीची उद्दिष्टे सांगितली, त्यांत एका लेखकाचे ग्रंथालयात काय काय आहे हे एकत्र दाखवावे हे एक होते. मराठी साहित्य या उद्दिष्टाची कठोर परीक्षा घेते. राम गणेश गडकरी नाटके गडकरी म्हणून लिहितात, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते आरती प्रभु होतात. शिरवाडकरांचे नाटक एका नावावर आणि काव्य दुसऱ्या नावावर. नंतरच्या सूचिनियमांनी अशा टोपणनावांना स्वतंत्र शीर्षक देण्याची मुभा दिली, पण तेथे ‘हेही पाहा’ अशी परस्परनोंद अपेक्षित आहे. ती नोंद करावयास मराठी वाङ्मयाचा जाणकार लागतो, आणि ती वाचावयास सूचीचा जाणकार. पहिला मराठी विभागात असतो, दुसरा ग्रंथालयात. दोन इमारतींमधील अंतर फार नसते, तरी ते ओलांडले गेल्याचे उदाहरण विरळा.

विषयानुसार शोधाचे तर बोलावयासच नको. ज्याला एक पिढी ‘भाषाशास्त्र’ म्हणत असे त्याला दुसरी ‘भाषाविज्ञान’ म्हणते. ‘ध्वनिविचार’, ‘ध्वनिशास्त्र’ आणि ‘स्वनविज्ञान’ हे शब्द एकाच कपाटातील शेजारी आहेत. इंग्रजीत विषयशीर्षकांची सुस्थिर यादी हाताशी असते आणि पर्यायी शब्द स्वीकृत शब्दाकडे नेऊन सोडतो. मराठीत परिभाषा अनेकांनी घडवली, ही समृद्धीची खूण आहे; पण त्या समृद्धीचा नकाशा विद्यार्थ्याला दिला नाही तर ती त्याच्या दृष्टीने केवळ चकवा ठरते. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात इंग्रजी साहित्याला ८२० हा ऐसपैस दशक मिळतो आणि मराठी साहित्य ८९१.४६ या अरुंद बोळात राहते, हे एकदा समजावून सांगितले तर विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतात : आपले पुस्तक कोठे आहे, आणि ज्ञानाची मांडणी करणारा कोठे उभा राहून ती करतो. ग्रंथकर्त्याच्या अधिकाराविषयी परदेशी चौकटीत जे शिकवावयाचे आहे, त्याचा याहून चांगला पाठ शोधूनही सापडणार नाही.

माहिती सापडली तरी ती कोणत्या प्रतीतून आली, हे पारखणे हा साक्षरतेचा पुढला टप्पा. तुकारामांचा अभंग हा मराठीतील सर्वाधिक उद्धृत होणारा आधार असेल. आज तो भ्रमणध्वनीवर क्षणात मिळतो, आणि प्रबंधिकेत ‘तुकाराम गाथा’ एवढ्याच निर्देशासह उतरतो. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा १८६९ व १८७३ मध्ये दोन खंडांत निघाली. शासनाची आवृत्ती १९५० साली. अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, पाठही बदलतो, आणि काही अभंग एका गाथेत आहेत तर दुसऱ्या गाथेत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत १९०९ ची राजवाडे प्रत आणि संप्रदायात पठण होणारी प्रत यांतील अंतर हा तर भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला पदोपदी भेडसावणारा प्रश्न आहे. एखाद्या रूपावरून तेराव्या शतकातील मराठीविषयी विधान करणाऱ्या विद्यार्थ्याने ते रूप कोणत्या प्रतीत आहे हे न सांगितल्यास त्याचे विधान तपासताच येत नाही. ‘स्रोताची विश्वसनीयता’ हे भित्तिपत्रकावरील शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला याच उदाहरणांनी शिकवावयास हवेत, परदेशी वृत्तपत्रांच्या उदाहरणांनी नव्हे.

शिकवण्याची ही बाजू अशी मोकळी असताना शासनाची बाजू मात्र पूर्ण बांधून काढण्यात आली आहे. वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारून द्यावयाचे. साठ टक्क्यांपर्यंत वर्षभर सुधारित लेखन सादर करण्यास बंदी. त्यापलीकडे नोंदणीच रद्द. २०१९ पासून ‘शोधशुद्धि’ या योजनेद्वारे तपासणीची यंत्रणाही विद्यापीठांना मिळाली. विनियमांत जागृती व प्रशिक्षणाची तरतूद आहे, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ मध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रमही आला. तेव्हा आयोगाने केवळ दंडुका उगारला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्यक्षात विद्यापीठांनी तत्परतेने स्वीकारले ते टक्के. हे शिक्षण पीएच.डी.च्या उंबरठ्यावर येते, तोवर विद्यार्थ्याने पदवी व पदव्युत्तर मिळून पाच वर्षे प्रकल्प लिहिलेले असतात. म्हणजे सवय आधी लागते आणि धडा नंतर मिळतो.

या विनियमांतील एक तपशील भाषाभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळले आहे. हा आकडा इंग्रजीच्या मापाचा आहे. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे मराठीत दोन शब्द आहेत. इंग्रजीत तेवढ्याच आशयाला आठ शब्द लागतात. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडणाऱ्या भाषेत चौदा शब्दांत बराच मोठा विचार मावतो. याचा अर्थ मराठीला अधिक सूट मिळते असा कोणी घेईल, पण दुसरी बाजूही आहे. केवळ शब्दांची जुळणी पाहणारे यंत्र इंग्रजी परिच्छेदाच्या मराठी भाषांतराकडे काणाडोळा करते, कारण तेथे शब्द जुळतच नाहीत. आणि ज्यांचा मजकूर श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या टंकांत बसवलेला आहे, त्या मराठी लेखनात यंत्राला देवनागरी दिसतच नाही, रोमन चिन्हांची विसंगत रांग दिसते. असा मजकूर शोधातही सापडत नाही आणि चौर्यातही पकडला जात नाही. शोधगंगेच्या आगारात प्रबंध आहे एवढ्यावरून तो वाचकाला उपलब्ध झाला असे समजणे म्हणूनच धाडसाचे आहे. परिणामी मराठीत प्रामाणिकपणे, पण अवतरणचिन्हांचे संकेत न जाणता लिहिणारा विद्यार्थी टक्क्यांत सापडतो, आणि चतुराईने भाषांतर करणारा सुटतो. संदर्भ देणे ही विद्येतील ऋण मानण्याची रीत आहे हे ज्याला शिकवले नाही, त्याला ती केवळ दंड चुकवण्याची युक्ती वाटली तर नवल नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी कृत्रिम बुद्धीची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. विद्यार्थी प्रश्न विचारतो, उत्तर मिळते, मग सूचीचा हा खटाटोप कशाला? या आक्षेपाला त्या साधनांनीच उत्तर दिले आहे. अस्तित्वात नसलेले ग्रंथ, न लिहिलेले लेख आणि न छापलेली पाने ती साधने आत्मविश्वासाने सांगू शकतात, हे अनेकदा उघडकीस आले आहे. एखाद्या मराठी ग्रंथाचा असा निर्देश खरा की खोटा, हे ठरवण्याचा मार्ग अखेर सूचीकडेच जातो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, ती अशा वेळी न्यायालयातील साक्षीदाराचे काम करते. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे संगणकावर शोधता येतो, मराठी विश्वकोश जालावर वाचता येतो. साधनांचा दुष्काळ नाही. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कितीजणांनी दात्यांची सूची उघडून पाहिली आहे, हा प्रश्न कोणत्याही विभागाने आपल्या वर्गात विचारून पाहावा.

पैसाही आता पूर्वीइतका दुर्मिळ राहिलेला नाही, निदान एका दिशेने. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला, विशेषतः लहान गावातील शासकीय संस्थेतल्या विद्यार्थ्याला, याचा मोठा लाभ होईल यात संशय नाही. मात्र ही संपदा बहुतांशी इंग्रजीत आहे. वाईच्या ‘नवभारत’चे किंवा पुण्याच्या ‘भाषा आणि जीवन’चे जुने अंक ग्रंथालयात बांधीव खंडांत असतात आणि सूची खंडाच्या पुठ्ठ्यापाशी थांबते, आतील लेखाचे नाव तीत येत नाही. अशा अंकांची लेखसूची करण्यास सहा हजार कोटी लागत नाहीत. दोन माणसे, एक वर्ष आणि विभागप्रमुखाची सही एवढ्यावर बरेच काम होण्यासारखे आहे. ज्या ग्रंथालयांत मंजूर पदेच रिकामी आहेत तेथे ही दोन माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न अर्थात खरा आहे, आणि त्याचे उत्तर ग्रंथपालांकडून मागणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

विभागांकडून मात्र काही मागता येईल. माहिती-साक्षरतेची वेगळी इंग्रजी प्रश्नपत्रिका काढून तिचे श्रेयांक वाटले, तर ती आणखी एक पाठ करावयाची बाब होईल. त्याऐवजी पदव्युत्तर पहिल्या सत्रात, साहित्येतिहासाच्या आणि भाषाविज्ञानाच्या चालू अभ्यासक्रमातच, हे काम गुंफता येते. एकच अभंग गाथेच्या दोन आवृत्त्यांत शोधून पाठभेद लिहावा. एका लेखकाची सर्व नावे सूचीत शोधून ज्यांच्यात परस्परनोंद नाही त्यांची यादी ग्रंथालयास द्यावी. एक जुना ग्रंथ नव्या आणि जुन्या लेखनाने, देवनागरीत आणि रोमन लिपीत शोधून कोणत्या रूपाने तो हाती आला ते नोंदवावे. असा स्वाध्याय तपासताना अध्यापक आणि ग्रंथपाल यांना एकत्र बसावे लागेल, आणि विद्यार्थ्यांनी आणलेल्या याद्यांमुळे सूचीतील चुकाही दुरुस्त होत जातील. नियमपत्रकाची पुढील आवृत्ती छापावयाची वेळ येईल तेव्हा दंडाच्या दरांच्या वरच्या बाजूस एक कलम घालता येईल : सूचीत ग्रंथ न सापडल्यास विद्यार्थ्याने अमुक वेळेत अमुक टेबलाशी यावे, तेथे त्यास शोधण्याची रीत दाखवली जाईल.